डॉ. सोलबर्ग यांच्याशी चर्चा केली

पिजन फोर्क, केंटकी
९ सप्टेंबर

डॉ. ऑरिन हॉगलंड यांस,

तुमच्या दवाखान्यातल्या केसपेपरांचं कोडिंग, म्हणजे विम्याच्या बिलासाठी प्रत्येक भेटीची पातळी ठरवणं, गेलं वर्षभर मी करते आहे. तुम्ही तिकडे मिनेसोटात, मी इकडे डोंगरात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तुमची-माझी ओळख काय ती तुमच्या लिखाणातून. डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर दवाखान्याच्या कंपनीनं संगणकात एक चौकट दिली आहे, तिच्यात तीन ओळी मावतात. मी सात वेळा तीन-तीन ओळी लिहिल्या, तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. शेवटी तुमच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आमचे डॉक्टर संगणकावरचं काही वाचत नाहीत हो, कागद पाठवा." म्हणून हा कागद.

पेशंटचं नाव पत्रात घालायचं नाही असा नियम आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी पाळलेल्या बदकांचा उल्लेख तुम्ही प्रत्येक भेटीत करता, तेव्हा त्यांना आपण बदकवाल्या बाई म्हणू.

विमावाले पैसे देतात ते भेटीच्या पातळीवरून, आणि ती ठरवताना मी तीन गोष्टी बघते. आजार किती गंभीर, डॉक्टरांना किती माहिती गोळा करावी आणि पारखावी लागली, आणि उपचारात जोखीम किती. तिन्हींपैकी दोन ज्या पातळीला पोचतात, ती त्या भेटीची पातळी. तुमचं घोडं अडतं ते मधल्या गोष्टीत. ११ जुलैला तुम्ही बाईंच्या रक्ताची तपासणी सांगितलीत, ती मी मोजली. २५ जुलैला "रिपोर्ट पाहिला" असं लिहून तीच परत मोजायला लावता. तपासणी सांगितली त्यातच रिपोर्ट बघणं आलं. अहो, केक भट्टीत ठेवताना एक आणि ताटलीत काढताना दुसरा, असं कोणाच्या घरी होतं? मी पातळी उतरवली आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही छान करता. "औषधाबाबत डॉ. सोलबर्ग यांच्याशी चर्चा केली" हे वाक्य तुमच्याकडे बऱ्याचदा असतं. बाहेरच्या डॉक्टरशी भेटीनंतर एक-दोन दिवसांत स्वतः बोललात तर त्याला फार वजन असतं. चिठ्ठी किंवा निरोप चालत नाही, बोलणं दोन्ही बाजूंनी व्हायला लागतं. तसं करणारे डॉक्टर आता थोडे. फक्त काय ठरलं ते एका ओळीत लिहीत जा.

रागावला असाल तर रागवा, पण उत्तर द्या.

व्हर्लीन स्कॅग्स


फेलमार, मिनेसोटा
२० सप्टेंबर

श्रीमती स्कॅग्स,

केक समजला. कंपनीनं याच विषयावर दोन तासांचं व्याख्यान ठेवलं होतं, तेव्हा समजलं नव्हतं. व्याख्यानात मी झोपलो होतो हेही खरं.

चर्चेला वजन असतं हे मला तुमच्याकडूनच कळलं. मी ते लिहितो कारण ते लिहायची सवय आहे. मेरिट सोलबर्ग हृदयाचा डॉक्टर, चाळीस मैलांवर अ‍ॅल्डनला त्याचा दवाखाना. गुरुवारी दुपारी मी माझा दवाखाना बंद ठेवतो आणि तळ्यावर जातो. उन्हाळ्यात होडी, थंडीत बर्फावर ओढून नेलेली लाकडी खोपटी. खाली भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि आठवड्यातल्या अवघड पेशंटांबद्दल बोलायचं. मेरिटचं ठरलेलं वाक्य आहे : "ऑरिन, तुला पेशंटची काळजी वाटतेय, की पेशंट तुझ्यावर रुसेल याची?" बत्तीस वर्षं हे ऐकतो आहे. मासेही त्यालाच लागतात.

बदकवाल्या बाईंचे पाय पुन्हा सुजले आहेत. शहरातल्या मोठ्या इस्पितळात जा म्हटलं की म्हणतात, "आणि माझ्या बदकांना काय तुम्ही दाणे घालणार?" येताना डबाभर अंडी आणतात आणि रिकामा डबा परत मागतात. त्यांच्यावर रागावणं मला जमत नाही.

यापुढे काय ठरलं ते लिहीत जाईन.

ऑरिन हॉगलंड


पिजन फोर्क
१४ ऑक्टोबर

डॉक्टरसाहेब,

तुमचे या महिन्याचे केसपेपर बघितले. एकही तपासणी दोनदा नाही! मी टेबलाशी एकटीच टाळ्या वाजवल्या, कुत्रं दचकून उठलं. आणि आता "डॉ. सोलबर्ग यांच्या मते लघवीची गोळी आत्ता वाढवू नये, दोन आठवडे थांबावे" अशी ओळसुद्धा येते. असं लिहिलंत की माझं काम कसं लोण्यासारखं होतं.

मी या धंद्यात कशी आले ते विचारलं नाहीत, पण सांगते. माझा नवरा डॉइल कोळशाच्या खाणीत सव्वीस वर्षं होता. धूळ छातीत गेली. शेवटी शेवटी दोन शब्द बोलायचा आणि खोकत बसायचा, मग डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं मी द्यायची. केसपेपरावर एक ओळ असायची : "माहिती पत्नीने दिली." पेशंटला स्वतःला नीट सांगता येत नसेल आणि दुसऱ्यानं सांगितलं, तर तेही माहितीत मोजतात, तुम्हाला ठाऊकच आहे. दवाखान्यांत बसून बसून मला त्या कागदांची भाषा यायला लागली. तो गेल्यावर मी परीक्षा दिली. त्याला आता सहा वर्षं झाली. त्या एका ओळीत मी आहे, आणि आता दुसऱ्यांच्या तसल्या ओळी मोजते.

आता कामाचं. जानेवारीत तपासनीस तुमचे वीस केसपेपर उचलणार. त्याआधी सगळं जागेवर असलं पाहिजे. डॉ. सोलबर्ग तुमच्या कंपनीत नाहीत हे दाखवायला त्यांच्या दवाखान्याचा फोन नंबर हवा. एवढा कळवा. बदकवाल्या बाईंना सांगा, एक केंटकीवाली त्यांच्या पायांची चौकशी करते. म्हणजे सांगू नका, नियम आहे. पण मनात सांगा.

व्हर्लीन


फेलमार
१६ नोव्हेंबर

व्हर्लीनबाई,

उशीर झाला. तळं गोठायला लागलं आहे आणि गावात सगळ्यांना खोकला.

मेरिटला फोनवर गाठणं अवघड. तो तळ्यावरच बरा बोलतो. नंबर बघतो.

बाईंना दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. नळी लावून ऐकलं तर छातीत खाली पाणी आहे. मला वाटतं पाठवावं. पण त्या माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टर, नाताळ होऊ दे." गुरुवारी बोलून ठरवतो.

एक विचारू का? डॉइल गेल्यावर तुम्ही किती दिवस दोन ताटल्या मांडत होता? उत्तर द्यायला हवं असं नाही.

ऑरिन हॉगलंड


पिजन फोर्क
११ जानेवारी

डॉ. हॉगलंड,

तुमचं शेवटचं पत्र वाचून मला वाटलं, म्हाताऱ्याची बायको गेलेली दिसते आणि थंडीत एकटं वाटतंय. मी तुमच्यासाठी वाळवलेल्या सफरचंदांचा केक पाठवणार होते. पीठसुद्धा चाळून ठेवलं होतं.

नंबर तुम्ही दिला नाहीत म्हणून मी शोधला. अ‍ॅल्डनच्या दवाखान्यात फोन केला. उचलणारी मुलगी म्हणाली, "मॅम, डॉ. सोलबर्ग गेल्या फेब्रुवारीत वारले. मेंदूत रक्तस्राव. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही तर नाहीच नाही.

तपासनिसांच्या वीस कागदांपैकी अकरा कागदांवर "डॉ. सोलबर्ग यांच्याशी चर्चा केली" आहे. सगळे फेब्रुवारीनंतरचे. आणि त्या प्रत्येकावर मी, या हातांनी, बरोबरची खूण केली आहे. विमावाल्यांकडे मेलेल्या माणसाच्या नावानं बिल गेलंय, डॉक्टर. याला आमच्या धंद्यात चूक म्हणत नाहीत, त्याचं नाव वेगळं आहे. माझी नोकरी जाईल ते जाऊ दे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला त्याचं काय? मीच तुम्हाला लिहिलं की या ओळीला वजन असतं, आणि त्यानंतर तुम्ही "त्यांच्या मते" काय काय रचून लिहायला लागलात. मी केवढी मूर्ख! टाळ्या वाजवत होते.

एकच विचारते, आणि खरं सांगा. तो गेला हे तुम्हाला माहीत आहे ना? माहीत नसेल तर तुम्ही आजारी आहात, आणि मग तुम्ही पेशंट तपासता कामा नये. माहीत असेल तर तुम्ही लबाड आहात. यातलं कोणतं खरं निघावं म्हणून प्रार्थना करू, तेच मला समजत नाही.

३१ तारखेला मला तपासनिसांना या वीस कागदांचा तक्ता द्यायचा आहे.

व्हर्लीन स्कॅग्स


फेलमार
१९ जानेवारी

व्हर्लीनबाई,

मला माहीत आहे. त्याच्या शवपेटीला पुढून डाव्या बाजूनं खांदा मीच दिला होता.

तो मंगळवारी गेला आणि दोन दिवसांनी गुरुवार होता. मला दुसरीकडे कुठे जावं कळेना, म्हणून तळ्यावर गेलो. बर्फात भोक पाडलं. थर्मासमधून दोन कप कॉफी ओतली, सवयीनं. त्या आठवड्यात एका माणसाचं औषध मला ठरवता येत नव्हतं, ते मी मोठ्यानं बोललो. मेरिट काय म्हणाला असता ते मला लख्ख ऐकू आलं. बत्तीस वर्षं ऐकलंय हो. त्यानं सांगितलं ते बरोबरही निघालं. दवाखान्यात येऊन मी नेहमीचं वाक्य लिहिलं. खोटं लिहितोय असं हाताला वाटलंच नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. मग वर्ष होत आलं.

त्याला वजन असतं हे मी लिहीत होतो तेव्हा खरोखरच माहीत नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर माहीत झालं, आणि तरी लिहीत राहिलो. तेव्हा लबाड म्हणायला हरकत नाही. पण मला वरची पातळी नको होती. ते वाक्य लिहायचं थांबवलं की तो गेला, एवढंच होतं.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

५ डिसेंबरला, मंगळवारी, बदकवाल्या बाई आल्या. ओठ निळसर, जिना चढून आल्यासारखा दम, आणि जिना तर आमच्याकडे नाहीच. त्याच दिवशी पाठवायला हवं होतं. त्या रडायला लागल्या. मी म्हणालो, मी गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतो, ते काय म्हणतात बघू. त्या एकदम शांत झाल्या. म्हणाल्या, "दोन डॉक्टर बघतायत म्हटल्यावर मला कसली भीती?"

गुरुवारी मी तळ्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. मेरिट म्हणाला, "गोळी वाढव, नाताळ होऊ दे."

व्हर्लीनबाई, मेरिट जन्मात असं म्हणाला नसता. त्यानं कॉफी फेकली असती. "ऑरिन, गाढवा, तुला त्या बाईच्या हृदयाची काळजी आहे की ती रुसेल याची? ऊठ, फोन लाव!" जिवंत मेरिट माझ्याशी भांडायचा. हा मेरिट हळूहळू माझ्यासारखाच बोलायला लागला होता आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तो सांगत होता.

त्या २८ डिसेंबरला गेल्या. सकाळी, बदकांना दाणे घालताना.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे पाव आणि कॉफी. त्यांचे यजमान माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुम्ही मोठ्या डॉक्टरांनाही विचारलंत. याहून जास्त कोण काय करणार? मी तुमचा आभारी आहे." मी "हो" म्हणालो. व्हर्लीनबाई, मी हो म्हणालो.

तक्त्यात जे खरं आहे ते लिहा.

ऑरिन


पिजन फोर्क
२७ जानेवारी

ऑरिन,

तुमचं पत्र आल्यापासून मी तीनदा कागद घेतला आणि तीनदा चुरगळला. मला तुमच्यावर ओरडायचं आहे.

तक्ता आज पाठवला. अकराही ठिकाणी चर्चेवर काट मारली आणि खाली लिहिलं की ती व्यक्ती हयात नव्हती, आणि खूण करणारी मीच होते. काट मारल्यावर अकरा भेटींची पातळी मी पुन्हा काढली. दहा भेटी जिथल्या तिथे राहिल्या. आजार आणि औषधाची जोखीम एवढ्यावरच त्यांची पातळी भरत होती, तुमच्या त्या वाक्याची तिथे गरजच नव्हती. एकच भेट घसरली. ५ डिसेंबरची. तेवढ्या एकाच भेटीत सगळं त्या चर्चेवर उभं होतं. मी ते बघितलं आणि संगणक बंद करून अंगणात जाऊन उभी राहिले.

दोन्ही बाजूंनी बोलणं व्हायला लागतं, हा नियम मी शंभर डॉक्टरांना शिकवला असेल. तो का आहे, हे मला आत्ता कळतंय. समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

तुम्ही ताटल्यांचं विचारलं होतं. अजून मांडते. आणि आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉइलच्या शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "खोकल्यातून रक्त पडतं का?" पडत होतं, आठ दिवस पडत होतं. डॉइलनं कोटाखालून माझा हात दोनदा दाबला. मला वाटलं तो म्हणतोय, सांगू नकोस, मला इस्पितळात ठेवतील. मी म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी लिहिलं, "माहिती पत्नीने दिली." नवव्या दिवशी तो गेला. त्या भेटीहून गाडीतून घरी येताना मी त्याला विचारायला हवं होतं की तू हात का दाबलास. कदाचित त्याला म्हणायचं होतं, सांग. विचारलं नाही. आता ताटलीसमोर बसून विचारते आणि तो दर वेळी मला बरं वाटेल तेच सांगतो.

म्हणून तुम्हाला मी काही शिकवणार नाही. बदकवाल्या बाईंच्या यजमानांना सांगायचं की नाही, ते माझ्या कोणत्याच तक्त्यात बसत नाही. पण तुम्ही विचारलंत असं धरते, आणि मी जिवंत आहे म्हणून तुम्हाला नको ते सांगते. जा आणि सांगा. तो माणूस चुकीच्या गोष्टीसाठी तुमचे आभार मानून बसला आहे.

व्हर्लीन


फेलमार
१७ मार्च

व्हर्लीन,

गेलो होतो. तुमच्या पत्रानंतर पाच आठवडे गेलो नाही, मग गेलो.

ते अंगणात बदकांचं पाणी बदलत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मेरिट गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत वारला, मी कोणालाही विचारलं नव्हतं, त्यांच्या बायकोला त्याच दिवशी पाठवायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी परत येताना ती गाडीत गाणं म्हणत होती. दोन डॉक्टर आहेत म्हणाली." आणि त्यांनी विचारलं, "ते मोठे डॉक्टर जिवंत असते, तर काय म्हणाले असते?"

मी म्हणालो, "आजच्या आज ने, म्हणाला असता."

"मग मी नेलं असतं," ते म्हणाले. "रडली असती तरी नेलं असतं." आणि आत गेले. मी फाटकापाशी पोचलो तेव्हा परत बाहेर आले आणि लांबूनच म्हणाले, "तिचा अंड्यांचा डबा तुमच्याकडे राहिलाय. तो आणून द्या." दुसऱ्या दिवशी दारात ठेवून आलो. दार उघडलं नाही.

परवाना मंडळाला मी स्वतः कळवलं आहे. दवाखाना १ एप्रिलपासून बंद करतो आहे. बर्फ पातळ व्हायच्या आत खोपटी तळ्यावरून काढावी लागते, ती काल ओढून आणली. कप दोन्ही आतच होते.

बंद करण्याआधी बाईंचा केसपेपर उघडून शेवटची नोंद केली. ती कोडिंगला तुमच्याकडेच येईल, म्हणून आधी इथे लिहितो :

"५ डिसेंबरच्या नोंदीस जोड. डॉ. सोलबर्ग यांच्याशी चर्चा झालेली नाही. निर्णय मी एकट्याने घेतला. ऑ. हॉगलंड."

बरोबर लिहिलंय का बघा. चुकलं असेल तर सांगा.

ऑरिन